मागे पाहणाऱ्याची जागा

साताऱ्याहून बोगदा ओलांडून यवतेश्वरचा घाट चढला, कासचे पठार मागे टाकले आणि बामणोलीच्या उताराला लागले की एका वळणावर झाडी बाजूला सरते आणि कोयनेचा शिवसागर जलाशय पहिल्यांदा दिसतो. लग्न होऊन साताऱ्यात आल्यापासून मी त्या वळणावर असंख्य वेळा थांबले आहे, पाहुण्यांना थांबवून पाणी दाखवले आहे. गेल्या तीन वर्षांत मात्र तिथे माझी नजर दुसरेच काही शोधते. पाण्यावर काळपट, खरबरीत पट्टे दिसत असतील तर वारा सुटला आहे असे समजावे, आणि आरशासारखे सपाट पाणी दिसले तर अजून तास-दीड तास हाताशी आहे. सपाट पाणी असले की मी गाडीत बसलेल्यांना घाई करते, कारण माझ्या भाच्याची बोट तोपर्यंत निघालेली असते आणि त्या बोटीत चालकाच्या शेजारी, तोंड मागे करून बसण्याची जी एक जागा असते, ती माझी असते.

पाण्याशी माझे नाते भीतीचे होते, हे आधी सांगितले पाहिजे. माझे माहेर सांगलीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये मी आईकडे गेले होते आणि कृष्णा चढत गेली. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे सांगलीच्या पोरासोरांनाही पाठ असतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आम्हांला एका यांत्रिक बोटीत उतरवले, तेव्हा आईच्या मांडीवर देव्हाऱ्यातले देव पिशवीत बांधलेले होते आणि बोटीत बसायला जागा उरली नव्हती म्हणून तीन-चार मुले काठावर बसली होती. लाइफ जॅकेट कोणाच्याच अंगात नव्हते. गल्लीच्या तोंडाशी बोटीचा तळ पाण्याखालच्या कसल्यातरी भिंतीला घासला, बोट कलली आणि अगदी मागे बसलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा काठावरून घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेला. त्याच्या काकांनी कॉलर धरली म्हणून तो राहिला. आम्ही सगळे ओरडत होतो, पण बोट तशीच पुढे चालली होती, कारण चालवणारा पुढे पाहत होता आणि इंजिनाच्या आवाजात त्याला मागचे काही ऐकूच येत नव्हते. त्याचा दोष मी आजही मानत नाही. तो दोन दिवस झोपला नव्हता, आणि समोर विजेच्या तारा लोंबत असताना त्याने पुढे पाहायचे नाही तर कुठे पाहायचे? त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि घर सोडून जीव वाचवायला निघालेली माणसे, बायका आणि लेकरे, कृष्णेत बुडाली. त्यानंतर आमच्या घरात बोट हा शब्द कोणी सहज उच्चारत नसे.

म्हणून माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाने गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत यांत्रिक बोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे शिक्षण घेतले, आणि जावळी तालुक्यात जलाशयाच्या काठी एका जलक्रीडा केंद्रात नोकरी धरली, तेव्हा सर्वांत जास्त विरोध मी केला. वॉटर स्कीइंग म्हणजे बोटीच्या मागे दोर बांधून पायांत फळ्या घातलेली माणसे ओढायची, ती पाण्यावरून घसरत जाणार, पडणार, पुन्हा उठणार, याला काम म्हणतात हेच मला पटत नव्हते. तो वाद घालणारा मुलगा नाही. तो एवढेच म्हणाला, "मावशी, एकदा येऊन बस. पुढे नको, मागे बघत बस. मग बोल."

मी अठ्ठावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. त्या पहिल्या सकाळी भीती जरा ओसरल्यावर मी मनातल्या मनात जे गणित केले, ते मला आजही या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे असे वाटते. वॉटर स्कीइंग नव्याने शिकणारा प्रौढ माणूस दोन फळ्यांवर उभा राहावा यासाठी बोटीला ताशी साधारण ३० ते ३५ किलोमीटर वेग लागतो. ताशी ३२ किलोमीटर धरले तर बोट एका सेकंदात जवळजवळ ९ मीटर पुढे जाते. चालकाने मान वळवून मागे पाहिले, दोराच्या टोकाला माणूस आहे का, तोल कसा आहे, हे समजून घेतले आणि मान पुन्हा पुढे आणली, तर तीन सेकंद सहज जातात. तेवढ्यात बोट २७ मीटर गेलेली असते, आणि मागे बांधलेला दोर असतो २३ मीटरांचा, म्हणजे ७५ फुटांचा. एका नजरेपुरते मागे पाहायचे तर चालक दोराच्या लांबीहून अधिक अंतर आंधळा जातो. समोर मासेमारीच्या जाळ्याला बांधलेली प्लास्टिकची बाटली असेल, वल्ह्याची छोटी होडी असेल, पोहणारे कोणी असेल, तर तेवढे अंतर पुरेसे आहे. म्हणून चालकाने पुढेच पाहायचे आणि बोटीत दुसरा एक माणूस असा असायचा, ज्याला मागे पाहण्यापलीकडे काही काम नाही. हे कळल्यावर मला ती सांगलीची बोट आठवली, आणि आपल्याला इतकी वर्षे नेमकी कशाची भीती वाटत होती याला जणू नाव मिळाले.

या खेळाचा आरंभही असाच एका प्रश्नातून झाला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला वाटले की बर्फावर घसरता येते तर पाण्यावर का येऊ नये. १९२२ च्या जून महिन्यात त्याने लेक पेपिन या सरोवरात प्रयत्न सुरू केले. पाइनच्या लांब फळ्यांची टोके आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून त्याने वर वळवली, खिडकीला लावतात तसली दोरी घेतली, लोहाराकडून धरायला एक लोखंडी कडे करवून घेतले आणि भावाला बोट चालवायला सांगितले. दिवसामागून दिवस तो पडत राहिला, कारण निघताना फळ्यांची टोके पाण्याच्या पातळीत किंवा खाली असत आणि ओढ बसताच ती पाण्यात घुसत. २ जुलैला त्याने टोके पाण्याच्या वर ठेवली, अंग मागे झुकवले, आणि तो उभा राहिला. शंभर वर्षे उलटली तरी शिकणाऱ्याला आजही पहिल्या दिवशी हेच सांगतात: पाण्यात उकिडवे बसल्यासारखे बसा, गुडघे छातीशी घ्या, हात सरळ ठेवा, फळ्यांची टोके वर ठेवा आणि स्वतः उठू नका, बोटीला उठवू द्या. मोठी माणसे नेमकी इथे चुकतात. ओढ बसताच ती कोपर दुमडून दोर स्वतःकडे खेचतात आणि तोंडावर पडतात. मुले ऐकतात, म्हणून ती लवकर उठतात.

निघण्यापूर्वीचे दीड मिनिट मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि प्रेक्षकांना तेच सर्वांत कंटाळवाणे वाटते. पाण्यातल्या माणसाने दोराच्या टोकाची मूठ धरलेली असते, बोट अगदी सावकाश पुढे सरकते आणि दोराचा झोल हळूहळू निघतो. मी पाहत असते की दोर त्याच्या दोन फळ्यांच्या मधून येतो आहे, हाताला, पायाला किंवा मानेला कुठे वेटोळे नाही, आणि कोणी उत्साहाने दोर मनगटाला गुंडाळून घेतलेला नाही. तसा गुंडाळला असेल तर तो सोडवेपर्यंत बोट हलू द्यायची नाही. मग मी म्हणते, "दोर ताठ." त्यानंतरही चालकाने मनाने वेग द्यायचा नसतो. पाण्यातला माणूस स्वतः "चला" म्हणाला की मगच. झोल असताना वेग दिला तर बसतो तो हिसका असतो, आणि खांदा निखळायला एक हिसका पुरतो.

दोराविषयी थोडे सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे नायलॉनच्या दोरीवर सगळ्यांचा विश्वास. विहिरीवर, गोठ्यात, ट्रकवर, मांडवाला, सगळीकडे तीच. परंतु नायलॉन पाण्यात बुडते आणि ताणले की लांबते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी हवेचा मोठा ट्यूब ओढण्यासाठी अशीच बाजारातली दोरी बांधलेली मी काठावरून पाहिली होती. ट्यूबवरची मुले पडली, बोट वळून त्यांच्याकडे आली, तोवर सैल झालेली दोरी पाण्याखाली जाऊन बोट ढकलणाऱ्या पंख्यात गुंडाळली गेली आणि इंजिन बंद पडून बोट वाऱ्याबरोबर काठच्या खडकांकडे वाहत निघाली. कोणाला इजा झाली नाही, पण त्या वेळी मला कारण समजले नव्हते. ओढण्याचा दोर पॉलिप्रोपिलिनचा असतो, कारण ते पाण्याहून हलके असते आणि तरंगते. तरंगता दोर चालकाला दिसतो आणि पंख्यापासून दूर ठेवता येतो. भाचा रोज सकाळी तो २३ मीटरांचा दोर हातातून सरकवत जातो, कुठे तंतू उसवला आहे का, उन्हाने कडक झाला आहे का, ते बोटांनी पाहतो. जपमाळ ओढणाऱ्यासारखे ते दृश्य असते, आणि त्या वेळी त्याच्याशी बोललेले त्याला आवडत नाही.

बोट आणि मागचा माणूस यांच्यात आवाज पोहोचत नाही, म्हणून हातांची भाषा आहे. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा. डोक्यावर थापटले म्हणजे मला काठाकडे न्या. गळ्यावरून आडवा हात फिरवला म्हणजे तत्काळ थांबा, आणि ही खूण मागचा किंवा बोटीतला कोणीही करू शकतो. पडल्यानंतर दोन्ही हात डोक्यावर उंच जोडले तर समजायचे की मी ठीक आहे. दुरून ते कळसाला हात जोडल्यासारखे दिसते, म्हणून आमच्या भागातली मुले ही खूण कधी विसरत नाहीत. पडलेल्याने खूण केली नाही, तर तो जखमी आहे असेच धरून चालायचे.

आता मला माझी चूक सांगायची आहे. दुसऱ्या हिवाळ्यात, जागेवर बसण्याची सवय झाल्यावर, भाच्याचा एक सहकारी मागे फळ्यांवर होता आणि मी नेहमीप्रमाणे मागे पाहत होते. पलीकडच्या अभयारण्याच्या काठावर एक गवा पाण्यावर उतरला. ऊन त्याच्या पाठीवर पडले होते आणि पायांचे पांढरे मोजे स्पष्ट दिसत होते. मी त्याच्याकडे पाहिले. किती वेळ, ते मला नंतर भाच्याने सांगितले, कारण त्याने विचारलेल्या दोन प्रश्नांना मी उत्तर दिले नव्हते. मी नजर परत वळवली तेव्हा दोराच्या टोकाची मूठ रिकामी पाण्यावर उड्या मारत येत होती आणि माणूस कुठेच दिसत नव्हता. सपाट, चकाकणाऱ्या पाण्यात डोके एका नारळाएवढे दिसते. त्याच वाटेने वासोट्याच्या पायथ्याकडे जाणारी प्रवाशांची लाँच मागून येत होती. लाँच चालवणाऱ्या आबांनी त्या नारळाएवढ्या डोक्याला आमच्याआधी पाहिले, लाँच लांबून वळवली आणि उभे राहून हात वर धरून ठेवला. तो हात पाहून आम्ही परत फिरलो. धक्क्यावर आल्यावर आबा माझ्याजवळ आले. मी शिक्षिका म्हणून ते मला मानाने बाई म्हणतात. ते म्हणाले, "बाई, गवा उद्याबी तितंच यील. पोरगं न्हाय येणार." त्या दिवसापासून मी त्या जागेवर फोन, दुर्बीण, चहाचा कप, काहीही घेत नाही. भाचा दर अर्ध्या-एक मिनिटाला विचारतो, "दिसतोय?" आणि मी म्हणते, "दिसतोय."

पडलेल्या माणसाकडे परत जाणे हे शिकायला मला सर्वांत अवघड गेले. मी हात किंवा नारिंगी झेंडा वर धरते, म्हणजे इतर बोटींना कळते की पाण्यात माणूस आहे, आणि नजर त्याच्यावरून काढत नाही. चालक वेग पूर्ण कमी करून सावकाश वळतो आणि माणूस स्वतःच्या बाजूला, स्वतःला दिसेल असा ठेवून जवळ येतो. मागे मागे घेत, उलट्या दिशेने माणसाकडे बोट कधीही न्यायची नाही. तो शिडीला हात लावण्याआधी इंजिन पूर्ण बंद करायचे. नुसते न्यूट्रलवर ठेवून भागत नाही, कारण काही इंजिनांत त्या स्थितीतही पंखा फिरत राहतो. पंख्याचे गणित मी एकदा केंद्रावरच्या मुलांना मातीत काठीने लिहून दाखवले. पंखा मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला २५ होतात, आणि पाती तीन, म्हणजे एका सेकंदात एकाच जागेवर ७५ घाव. मुले काही बोलली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाने शिडीपाशी खडूने "इंजिन बंद?" असे लिहिलेले मला दिसले. तसेच इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसणेही थांबवले पाहिजे. तिथे पंखा तर असतोच, शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड नेमका तिथे साचतो. त्याला वास नसतो आणि माणूस गुंगी येऊन गुपचूप पाण्यात सरकतो.

शिवसागराचे पाणी वरून जेवढे मोकळे दिसते तेवढे ते खाली नाही. सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी साठवणाऱ्या या जलाशयाखाली शेते आहेत, बांध आहेत, गावे आहेत. ऑक्टोबरमध्ये जलाशय भरलेला असताना जिथून निर्धास्त जाता येते, तिथेच एप्रिल-मे महिन्यांत पाणी ओसरून तांबड्या चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि जुन्या झाडांची खोडे पाण्याच्या जेमतेम खाली येतात. ओढल्या जाणाऱ्या माणसासाठी असे खोड म्हणजे काय, ते सांगायला नको. भाच्याकडे खोली मोजणारे यंत्र आहे, तरी हंगाम बदलला की तो आबांना बोटीत घेऊन एक मोकळी फेरी मारतो. आबांच्या वडिलांची जमीन याच पाण्याखाली गेली. ते एका ठिकाणी हात दाखवून म्हणाले, "हितं आमचा आंबा हुता. खोड जाड हाय, अजून कुजलं नसंल." यंत्राच्या पडद्यावर तिथे एक ठिपका वर उठलेला दिसला. भाच्याने तो आंबा आपल्या नकाशावर लाल रंगाने नोंदवला आणि त्या दिशेला कोणाला ओढायचे नाही असे ठरवले. आबा बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिले होते.

लाइफ जॅकेटविषयी मी आता कोणाशीही भांडते, अनोळखी माणसांशीही. फोटो चांगला यावा म्हणून लोक ते काढतात, बायका साडीवर नुसते अडकवतात आणि पदर बाहेर उडत ठेवतात, लहान मुलांना मोठ्यांचे घालतात. जॅकेटचे खांदे धरून वर ओढावेत. ते कानांपर्यंत आले तर ते सैल आहे, पाण्यात ते वर जाईल आणि माणूस खाली. पदर खोचावा, ओढणी पिशवीत टाकावी. अमेरिकेत तटरक्षक दल दरवर्षी बोटींच्या अपघातांची नोंद प्रसिद्ध करते, आणि त्यात बुडून मेलेल्या दर दहा जणांपैकी आठांहून अधिक जणांनी जॅकेट घातलेले नसते, असे वर्षामागून वर्ष दिसते. त्यांतल्या अनेकांना पोहता येत असणार. चालकाच्या मनगटाला इंजिनाशी जोडलेली लाल गुंडाळीची एक दोरी असते, तिच्याबद्दलही माझे हेच म्हणणे आहे. चालक स्वतः बोटीतून फेकला गेला तर ती निसटते आणि इंजिन बंद पडते. ती नसेल तर रिकामी बोट गोल फिरून पाण्यातल्या माणसावर परत येऊ शकते. आपल्याकडे १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला, नोंदणी आणि तपासणीची तरतूद त्यात आहे. परंतु ती लाल दोरी मनगटात अडकवण्याचे काम रोज सकाळी त्या एका माणसानेच करायचे असते.

गेल्या डिसेंबरात आबांची नात, आठवीत शिकणारी, पहिल्यांदा फळ्यांवर उभी राहणार होती. आबांनी स्वतः तिच्या जॅकेटचे पट्टे आवळले आणि खांदे धरून तिला अक्षरशः वर उचलून पाहिले. मुलांसाठी वेग कमी लागतो, ताशी २०-२५ किलोमीटरही पुरतात, तरीही धक्क्यावर उभ्या असलेल्या आबांचे दोन्ही हात छातीशी घट्ट बांधलेले मला दिसत होते. पाणी सपाट होते. मी म्हणाले, "दोर ताठ." तिने बारीक आवाजात "चला" म्हटले. पहिल्यांदा ती तोंडावर पडली, दुसऱ्यांदा कुशीवर, आणि दोन्ही वेळा पाण्यातून आधी तिचे जोडलेले हात वर आले आणि मग डोके. तिसऱ्यांदा फळ्यांची टोके वर राहिली, पाण्याची एक पांढरी भिंत तिच्या पुढे उठली आणि ओसरली, आणि तिच्यामागे ती उभी होती, गुडघ्यांत वाकलेली, हात सरळ, तोंड उघडे.

उजवीकडे सूर्य वर येत होता आणि पलीकडच्या काठावर काहीतरी हलले असावे, कारण भाचा क्षणभर तिकडे पाहून पुन्हा समोर पाहू लागला.

"दिसतेय?" त्याने विचारले.

"दिसतेय."